काकीनं सांगितलेला पिक्चर

मला चुका दिसतात. लग्नाची पत्रिका हातात पडली की मी आधी ऱ्हस्व-दीर्घ बघतो, मग नवरा-नवरीची नावं. एका हॉटेलात मी मेनूकार्डावर पेनानं दुरुस्त्या केल्या, तेव्हा बायको पर्स उचलून बाहेर जाऊन उभी राहिली होती. नगरच्या एका कॉलेजात तीस वर्षं मराठी शिकवतोय, त्यात लाल पेन हाताला जे चिकटलं ते चिकटलंच. लोक माझ्या या खोडीला हसतात, मीही त्यांच्याबरोबर हसतो. पण गेल्या उन्हाळ्यात मी एक चूक दुरुस्त केली, तिची मला इतकी लाज वाटते की अजून ती घरात धड कुणाला सांगितलेली नाही. म्हणून लिहून टाकतो.

चूक आमच्या काकीची होती. म्हणजे मला तशी वाटली होती.

आमचं गाव मिरजगावपासून आत, कच्च्या रस्त्यानं पाऊण तासावर. काकी माझी धाकटी चुलती. तिची गावभर ओळख म्हणजे ती पिक्चर सांगायची. आमच्याकडे शेतातली कामं सावडीनं व्हायची, अजूनही थोडीफार होतात. आज पाच घरच्या बायका आमच्या रानात, उद्या आमच्या घरच्या त्यांच्या रानात. मजुरी कुणी कुणाला द्यायची नाही, कामाची फेड कामानं. तर या सावडीत काकी आपल्या बाजूला असावी म्हणून बायकांची चढाओढ लागायची. कांद्याची काटणी असली तर विचारू नका. काढलेला कांदा वाळला की बायका ओळीनं बसून विळ्यानं त्याची पात कापतात. कमरेचा काटा ढिला करणारं काम. त्यात काकी सुरू झाली की दिवस कधी कलला ते कळत नसे.

तिनं पिक्चर पाहिले होते मोजून चार-पाच. पण सांगायची मात्र बहुतेक वेळा एकच. तो सिनेमा तुम्हीही पाहिलेला असणार. आपल्याकडच्या घरगुती, गाण्यांच्या सिनेमांत त्याचं नाव पहिल्या ओळीत घेतात. नाव मी लिहीत नाही, त्याची गरजही नाही. चार भाऊ, करडी सासू, थोरल्या वहिनीच्या गळ्यात गाणं. रोज दिवेलागणीला सगळं घर ओसरीवर पेटीभोवती बसून गातं. मग घरात धाकटी सून येते, कुजबुज सुरू होते, आणि एक दिवस भर पंगतीत सासू वहिनीला लागेल असं बोलते. वहिनी ताट सारते, पोरीला कडेवर घेते आणि घराबाहेर पडते. तिथं मध्यंतर. पुढं आणखी तीन गाणी आणि शेवट गोड.

काकी हा पिक्चर तीन दिवस पुरवायची. सातही गाणी म्हणायची, आणि गळा बरा होता तिचा, उगाच नाही सांगत. सासूचं बोलणं आलं की ती विळा हातात धरून मान अशी ताठ करायची की ओळीतल्या सासवा गप्प व्हायच्या आणि सुना पदराआड हसायच्या. मध्यंतराला पहिला दिवस संपायचा. बायका उठता उठता म्हणायच्या, "आता उद्या त्या बाईचं काय हुतंय बगू." जसं काही त्यांना ठाऊकच नव्हतं.

शेवटाला काकी खरी रंगायची. वहिनी माहेरी जाते. जात्यावर बसून पोरीला झोपवायला पाचवं गाणं म्हणते. इकडं घरातली पेटी बंद पडते, कुणाला घास गोड लागत नाही. भाऊ म्हणतात, आम्ही जातो वहिनीला आणायला. आणि मग सासू उठते. "तुमी कोन जानार? बोलले मी. जानार बी मीच," असं म्हणून म्हातारी स्वतः गाडी जुंपायला लावते. सहावं गाणं बैल जुंपताना. सासू सुनेच्या माहेरच्या दारात उतरते, पण वहिनी तिला आत या म्हणत नाही. आधी तांब्या देते. सासू पाय धुते, पायरीवर बसते आणि म्हणते, "माझं चुकलं, बाई. जीभ माझी, घर मातूर तुझं." इथं काकी थांबायची. ओळीतल्या बायकांचे विळे थांबायचे. मग वहिनी आत जाऊन कपड्यांचं बोचकं घेऊन यायची आणि परतीच्या वाटेवर गाडीत सगळ्यांनी मिळून सातवं गाणं. त्या गाण्यात मागं घुंगरं वाजतात. काकी सांगायची, ती बैलांच्या गळ्यातली.

मी लहानपणापासून हा पिक्चर असाच पाहिला. "पाहिला" हा शब्द मी जाणून लिहितोय. कांद्याच्या ढिगाशेजारी बसून मला ती पायरी दिसायची, तांब्या दिसायचा. पडद्यावर पाहायची गरजच कधी वाटली नाही. गावात पहिला टीव्ही आला तेव्हा एका रविवारी तो लागला होता, पण मध्यंतरानंतर लाइट गेली. सगळं घर टीव्हीसमोर जमलेलं. काकी म्हणाली, "बसा खाली, मी सांगते की पुढचं." आणि तिनं तो पुरा केला. कुणी हळहळलं नाही. लाइट आली तेव्हा टीव्ही लावायचंही कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

पुढं मी नगरला शिकायला आलो, तिथंच नोकरी लागली, तिथंच घर केलं. शहराचं नाव बदललं, पाट्या बदलल्या, माझ्या तोंडातून मात्र अजून नगरच निघतं. गेल्या वर्षी जुन्या गाण्यांच्या हौशी लोकांच्या एका मंडळानं मला बोलावलं. विषय काय, तर हा सिनेमा इतक्या वर्षांनी अजून का आवडतो. मी हो म्हटलं आणि घरी येऊन मुलीच्या टीव्हीवर तो पहिल्यांदा पुरता पाहिला.

मध्यंतरापर्यंत मी अगदी खूश. काकीनं सांगितलेलं तंतोतंत. पंगत, ताट, कडेवरची पोर. आणि त्यानंतर पिक्चर भलतीकडेच निघाला. वहिनी माहेरी जातच नाही, शहरात खोली घेऊन राहते. पाचवं गाणं ती शिवणयंत्रावर बसून म्हणते. सहावं गाणं भाऊ जीपमधून तिला शोधत हिंडतात तेव्हाचं. सासू घरातून हलतसुद्धा नाही. ती आजारी पडते, अंथरूण धरते. शेवटी वहिनी आपण होऊन परत येते, सासूच्या पायांवर डोकं ठेवून रडते आणि माफी मागते. हो, वहिनीच मागते. सासू तिच्या डोक्यावरून हात फिरवते, पेटी उघडते आणि सगळे गातात. घुंगरं म्हणजे त्या छोट्या पोरीचे पैंजण. बैल अख्ख्या पिक्चरात एकदाही नाही.

एखाद्या मोठ्या माणसाच्या लेखात ढोबळ चूक सापडावी तसा मला आनंद झाला. बायकोला हाका मारून बोलावलं. म्हणालो, "काकीनं आम्हाला पन्नास वर्षं बनवलं!" ती म्हणाली, "मग? छान होतं की ते." मला ते ऐकायचं नव्हतं.

व्याख्यानात मी हा किस्सा घातला. आधी सिनेमाच्या चाली, एकत्र कुटुंबाची ओढ वगैरे नेहमीचं झालं, आणि मग आमची खेड्यातली काकी, तिची बैलगाडी, पायरीवर बसलेली सासू. मी काकीच्या बोलीत बोललो, मान ताठ करून दाखवली. सभागृह खो-खो हसलं. चहाच्या वेळी एक गृहस्थ म्हणाले, "सर, तुमच्या काकींनी दिग्दर्शन करायला हवं होतं." मी त्यावरही हसलो. आज हे आठवलं की कानशिलं तापतात. ज्या बाईनं मला तो सिनेमा दिला, तिला मी शंभर अनोळखी माणसांपुढं नाचवलं, आणि हार गळ्यात घालून घरी आलो.

त्याच हुरुपात पुढच्या रविवारी गावी गेलो. काटणी चालू होती. शेतात हिरव्या नेटची सावली बांधलेली, तिच्याखाली दहा-बारा बायका. आई आता काम करत नाही, पण घरी एकटं करमत नाही म्हणून खुर्ची टाकून तिथंच बसलेली. काकी सत्तरी ओलांडलेली, तरी विळा चालू आणि तोंडही. त्या वर्षी गावात लग्न होऊन आलेल्या दोन सुना तिच्या अगदी समोर बसल्या होत्या. त्यांच्याकडे मोबाईल होते, त्यांत हवे ते सगळे सिनेमे होते, तरी त्या कान देऊन ऐकत होत्या. पिक्चर शेवटाला आला होता. सासू गाडीतून उतरली, तांब्या आला, पाय धुतले, पायरीवर बसली.

"माझं चुकलं, बाई," काकी म्हणाली आणि थांबली.

आणि त्या थांबलेल्या क्षणात मी बोललो. "काकी, असं नाहीये ते."

तिनं माझ्याकडे पाहिलं. "काय रं?"

"पिक्चरमध्ये असं नाहीये. सासू जातच नाही. वहिनीच परत येते, तीच पाया पडते. तू सगळं मनाचं सांगतेस." हे मी हसत हसत, लाडानं म्हणालो. लाडानं म्हणालो हे माझ्या बाजूनं सांगण्यासारखं एवढंच आहे, आणि त्याचा काही उपयोग नाही.

तिचा विश्वास बसला नाही असं मला वाटलं, म्हणून मी मोबाईल काढला. शेवटची दहा मिनिटं आधीच काढून ठेवली होती, इतका मी तयारीचा माणूस. बायका उठून भोवती आल्या. उन्हात पडदा दिसेना, तर मीच एकीला पदर आडवा धरायला सांगितला. दहा-बारा डोकी माझ्या हातावर वाकली. वहिनी दारातून धावत आली, सासूचे पाय धरले, ओक्साबोक्शी रडली. मी वरून समजावत होतो, कॅमेरा कसा खालून लावलाय, प्रकाश सासूच्या चेहऱ्यावरच का आहे. कुणी काही विचारलेलं नव्हतं.

गाणं संपलं. दोन सुनांपैकी एक हळूच म्हणाली, "हितं बी सुनंलाच वाकावं लागतंय व्हय?" दुसरीनं तिला कोपर मारलं.

काकी सगळ्यांच्या मागं उभी होती. तिनं पडद्याकडे पाहिलं की नाही, मला सांगता येणार नाही, कारण मी तिच्याकडे पाहत नव्हतो. ती म्हणाली, "आसंल. मंग माझंच चुकलं आसंल." आणि जागेवर जाऊन बसली. पायरीवर बसलेल्या सासूला तिथंच सोडून तिनं कांदा उचलला. नंतर दिवसभर त्या सावलीत नुसता विळ्यांचा आवाज. मला वाटलं, बायका दमल्या असतील.

घरी आल्यावर आईनं मला ओसरीवर बसवलं आणि स्वतः समोर बसली. आई माझ्यावर कधी आवाज चढवत नाही. त्या दिवशीही चढवला नाही.

"तुला कुनी इचारलं हुतं का रं, शान्या?" ती म्हणाली.

मी म्हणालो, "अगं पण चूक होतं ते. मी आपलं खरं काय ते..."

"आमाला म्हाईत न्हाई व्हय, खरं काय ते? म्या पाह्यलाय त्यो पिक्चर. त्या वळीतल्या आर्ध्या म्हाताऱ्यांनी पाह्यलाय. एकाच दिशी, एकाच थेटरात. आक्खा."

आईनं मग सांगितलं ते असं.

मी तेव्हा सात-आठ महिन्यांचा होतो. तालुक्याच्या गावी पत्र्याच्या थेटरात हा सिनेमा आला आणि दुपारचा एक खेळ खास बायकांसाठी ठेवला. गावातून दोन बैलगाड्या भरून बायका गेल्या. काकी त्याच वर्षी लग्न होऊन आलेली, सोळा-सतराची. जन्मातला पहिला पिक्चर. धाकट्या जावेनं थोरलीचं पोर सांभाळायचं ही आमच्याकडची रीत, तेव्हा मी काकीच्या मांडीवर. मध्यंतरापर्यंत मी झोपलेला होतो. पडद्यावर वहिनी घराबाहेर पडली आणि इकडं मी भोकाड पसरलं. मागच्या बायका ओरडायला लागल्या. आई उठायला निघाली, तर काकी म्हणाली, "बसा तुमी, बाई. मी घिऊन जाते."

"मंग ती आलीच न्हाई," आई म्हणाली. "तू गप व्हायचास, ती दाराशी यायची, आत मोठा आवाज व्हायचा, की तुझं पुन्हा सुरू. मागल्या बाजूला लिंबाखाली बसली पत्र्याला पाठ लावून. आतली गानी तेवढी ऐकू येत हुती, बोलनं कळत नव्हतं. दिसत काय न्हाई."

मी मान खाली घातली. पाचवं, सहावं, सातवं गाणं. घुंगरं. पोरीचे पैंजण काकीनं पाहिलेच नव्हते. तिनं पत्र्यापलीकडून घुंगरं ऐकली, आणि तिला ठाऊक असलेली घुंगरं त्या दोन गाड्यांच्या बैलांच्या गळ्यात होती.

"दुसऱ्या दिशी काटनी," आई सांगत होती. "तुझी आजी पिक्चरला आली नव्हती. ती म्हनली, नव्या सुनंनं पिक्चर सांगावा. आता ही काय सांगनार? पोरापायी भाईर बसले म्हनली आसती तर म्हातारी मला बोलली आसती, पोर सोताचं आन बसली पिक्चर बगत. म्हनून हिनं सांगायला घेतलं. निम्मा पाह्यलेला, निम्मा डोक्यातला. सासू गाडी जुंपून निघाली तवा आमच्या हातातलं ईळं थांबलं. आमाला म्हाईत हुतं, आसं न्हाई. येक बाई बोलली न्हाई. म्हातारी समूर बसून ऐकत हुती ना."

"आणि आजी?"

"आजी काय बोलती? गप कांदं कापत हुती. पर पुढल्या साली मी रुसून माहेरी गेल्ते, धा दिस झाले, कुनी येईना. आन आकराव्या दिशी दारात गाडी. म्हातारी सोता उतरली. आमच्या गावात सासू सुनंला न्यायला आलेली तवर कुनी पाह्यली नव्हती. माझ्या आईनं घाईघाईनं तांब्या दिला. माफी काय तिनं मागितली न्हाई. पर आली. तवापसून गावातल्या बायकांनी त्यो पिक्चर दुसऱ्या कुनाला सांगू दिला न्हाई. टीव्हीवर पुन्हा लागला तर तुझी काकी मध्यंतराला उठून गोठ्यात जायची. शेवट तिला बघायचाच नव्हता रं. आन तू मोबाईल घिऊन आलास."

माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं तेही सांगतो, लपवून काय करू. मनात आलं, हे आधी कळलं असतं तर व्याख्यान किती चांगलं झालं असतं. मग स्वतःचीच शिसारी आली. हा सिनेमा अजून का आवडतो याचं उत्तर माझ्या घरात कांदे कापत बसलं होतं, आणि मी माइकसमोर त्याची नक्कल करून टाळ्या घेतल्या होत्या. आमच्या गावात तो सिनेमा टिकला, कारण त्याच्यातला शेवट आमच्या बायकांनी कधी मान्यच केला नव्हता. बाराजणी एका थेटरातून बाहेर पडल्या, त्यांतल्या अकराजणींनी खरं पाहिलं होतं, आणि त्या अकराजणींनी बाहेर बसलेल्या बाराव्या पोरीचं खरं मानलं. पन्नास वर्षं एकीनंही जीभ सैल सोडली नाही. सोडली ती मी, ज्याच्यापायी ती बाहेर बसली होती.

दुसऱ्या दिवशी निघण्याआधी काकीकडे गेलो. ती परसात भांडी घासत होती. म्हणालो, "काकी, माझं चुकलं. तुझाच शेवट बरा आहे. तूच सांगत जा." हे बोलताना माझ्या लक्षात आलं की हे वाक्य मी तिच्याच पिक्चरमधल्या सासूकडून उचललंय, पण ती सासू पायरीवर बसली होती, मी गाडीची किल्ली हातात घेऊन उभा होतो.

काकी हसली. राग नव्हता तिच्या हसण्यात, असता तर बरं झालं असतं. "चुकलं काय त्यात?" ती म्हणाली. "तुमी शिकल्याली मानसं. तुमाला ठावं आसनार." मला तिनं लहानपणापासून कधी अहो-जाहो केलं नव्हतं. गाडी सुरू करेपर्यंत मला ते नीट उमगलंही नाही, आणि उमगलं तेव्हा मी गावाबाहेर आलो होतो.

नंतर चुलतभावाकडून कळलं की काकीनं नातवाच्या मोबाईलवर तो पिक्चर पाहिला. चष्मा लावून, उशीला टेकून, पहिल्यापासून शेवटपर्यंत. एकदा नाही, दोनदा. भाऊ कौतुकानं सांगत होता की म्हातारी या वयात किती हौशी आहे. मी फोनवर नुसतं "हं, हं" केलं. तिला अभ्यास करायला लावला होता मी. तीस वर्षं पोरांना लावला तसा.

यंदा काटणीला मुद्दाम रजा काढून गेलो. मनात होतं, तिथं बसायचं, काहीही बोलायचं नाही, आणि काकी सांगेल ते ऐकायचं. तीच सावली, त्याच बायका, नव्या सुनांपैकी एकीच्या शेजारी झोळीत तान्हं बाळ. ती सून म्हणाली, "काकी, त्यो पिक्चर सांगा ना." काकी म्हणाली, "सांगते की." आणि तिनं सुरुवात केली.

मध्यंतरापर्यंत सगळं पूर्वीसारखं. मान ताठ केली, ताट सारलं. बायका सैलावल्या, मीही सैलावलो. मग वहिनी घराबाहेर पडली आणि काकी म्हणाली, "मंग ती शहरात जाती. खोली घेती. शिवनाची मशीन असती तिच्यापशी." एवढं बोलून तिनं माझ्याकडे पाहिलं. "बरूबर ना, सर?"

सर. मी म्हणालो, "काकी, तुझा सांग ना, आधीचा. तांब्या, पायरी, तो सांग."

"त्यो खोटा हाय," ती म्हणाली. अगदी साधेपणानं म्हणाली, जसं काही हे मला माहीत असायलाच हवं. आणि पुढं चालू केलं. गाणी म्हटली नाहीत, फक्त "हितं गानं हाय" असं सांगितलं. जीप आली. सासूचं आजारपण आलं. प्रत्येक ठिकाणी ती विळा थांबवायची, माझ्याकडे बघायची आणि मी मान हलवीपर्यंत पुढं जायची नाही. बायकांचे विळे मात्र कुठंच थांबले नाहीत. आई खुर्चीत दुसरीकडे तोंड करून बसली होती.

बाळवाल्या सुनेनं झोळीला झोका देत विचारलं, "मंग काकी, सासू न्यायला येतच न्हाई?"

"न्हाई गं. सूनच येती. पाया पडती, माफी मागती, आन मंग सगळी गात्यात," काकी म्हणाली. तिनं चष्म्यातून माझ्याकडे पाहिलं, परीक्षेला बसलेली मुलं शेवटचं उत्तर सांगून पाहतात तसं. "बरूबर हाय का, सर?"

सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. नाही म्हणायला मला एकच क्षण हवा होता, पण जन्माची सवय. तोंडातून निघून गेलं, "बरोबर."